चिमटीच्या बाटल्या

मंगळवार, ७ जानेवारी

माझ्या न बोलणाऱ्या लेकीला,

सगळ्यात आधी टपकली ती खाटकाची सून. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, मी वाकून खालचं कुलूप काढत होते, म्हणून मला आधी तिच्या चपला दिसल्या आणि मग ती. "आजी, खरं का हो? चिमटीनं शोध लावला म्हणे! पित्ताचा!" मी म्हटलं, बये, मला सरळ तरी होऊ दे. तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "पित्त आमच्याच दुकानातलं ना? मग आमचं नाव कुठं छापणार, वर की खाली?"

मागोमाग इंजिन आला. म्हणजे आपला इस्त्रीवाला, वाफ सोडत चालतो तो. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यानंच ही बातमी गल्लीभर केली होती, आणि आता सगळ्यात भोळा चेहरा त्याचाच. नऊ वाजेपर्यंत दुकानात कपडे टाकायला आलेले दोन आणि चौकशा करायला आलेले अकरा.

आता तू कपाळाला हात लावून विचारशील की चिमटी तुझ्याकडे कशी? तर ऐक. तुझी लेक सप्टेंबरापासून माझ्याकडे राहते. तुला कळवायला हवं होतं, पण तू फोन उचलत नाहीस आणि पत्र लिहायचं म्हणजे मला चौथी शिकलेल्या बाईला एकेका ओळीला घाम फुटतो. औषधाच्या दुकानातली तू लावून दिलेली नोकरी तिनं सोडली, तू म्हणालीस काहीतरी करून दाखवशील तेव्हाच तोंड दाखव, ती म्हणाली बरं. दोघी सारख्याच हट्टी. त्यानंतर ती इथल्या प्रयोगशाळेत लागली. वरची खोली दिली आहे तिला, तुझीच. तुझं कपाट मी रिकामं केलेलं नाही, तिचे कपडे दोरीवरच असतात.

काम काय करते म्हणशील तर पित्ताचं. हसू नकोस. आपल्या लिव्हरमधून जे कडू हिरवं पाणी आतड्यात उतरतं ना, त्यात एक प्रकारचं मीठ असतं, खायचं नव्हे, आणि ते मीठ पाण्यात कसं वागतं ते ती बघते. खाटकाच्या सुनेला तिनं समजावलं की आमचं मीठ शुद्ध करून बरणीत येतं, पांढरी पूड, तुमच्या दुकानातलं पित्त नाही. त्यावर त्या बाईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. पित्ताचा डबा ठेवून तरातरा निघून गेली. म्हणजे साबणापुरतं पित्त मिळालं एकदाचं. पित्ताचा साबण मी अजून घरीच करते. तू नाक धरून शाळेत जायचीस तोच.

चिमटीनं मला सगळं समजावून सांगितलंय, आणि मला समजलंय, हीच मोठी गंमत. म्हणते, आजी, साबणाचा कण म्हणजे काडीपेटीतली काडी. डोकं पाण्याला धरून असतं, काडीला पाणी नको. पाण्यात साबण पुरेसा झाला की पन्नास-शंभर काड्या एकदम डोकी बाहेर करून गोल बसतात, आणि तेल, मळ, सगळं त्या गोलाच्या पोटात जातं. शाळेची घंटा झाल्यावर पोरं एकदम गोळा होतात तसं. पण पित्ताचं मीठ काडीसारखं नाही. ते बाळाखाली घालायच्या दुपट्यासारखं, एका अंगाला रबर आणि दुसऱ्या अंगाला टॉवेल. जरासं वाकलेलं, रबराकडून फुगीर. मग पाण्यात ही दुपटी काय करतात? रबराला रबर लावून बसतात, टॉवेल बाहेर. दोन बसली, मग तिसरं आलं, चौथं आलं. घंटा नाही, गडबड नाही. दुकानापुढे एक माणूस थांबला की दुसरा थांबतो, तशी हळूहळू जमतात. फार तर पाच, दहा. साधं मीठ टाकलं तर जरा वाढतात. मी दोन दुपटी घेऊन तिला करून दाखवलं तर माझी पाठ थोपटली तिनं. सत्तराव्या वर्षी शाबासकी!

मग शोध कसला? तर मीठ न टाकताच चिमटीच्या बाटल्यांत खूप मोठे गोळे सापडले. बाटलीतून लाल उजेडाची रेघ सोडतात, गोळे लहान असले तर उजेड भराभर लुकलुकतो, मोठे असले तर सावकाश. चिमटीचा सावकाश लुकलुकतोय. तिचे सर, मी त्यांना थेंबसर म्हणते, कारण एकेक शब्द थेंबासारखा पडतो, वाट बघून माणूस म्हातारं होतं, ते म्हणाले, "हे... आजवर... कुणी... पाहिलेलं नाही." वीस फेब्रुवारीला तिनं मोठ्या लोकांपुढे उभं राहून हे सांगायचं. तिची मुदत मार्चअखेर संपते. हे नीट झालं तर पुढचं वर्ष पक्कं. नाही झालं तर गाशा गुंडाळायचा, मग तुझ्या औषधाच्या दुकानात.

पण होणार. मी पण माझ्या परीनं हातभार लावतेच आहे. प्रयोगशाळेतली धुण्याची मोरी फुटली आहे, दोन महिने झाले कुणी दुरुस्त करत नाही, म्हणून ती बाटल्या घरी आणते, बोटभर उंचीच्या, काचेच्या. कॅनमधलं शुद्ध पाणी घालून बादलीत भिजत टाकते आणि झोपते. नुसत्या पाण्यात! तू सांग, नुसत्या पाण्यानं कधी काच निघाली आहे का? मी पहाटे पाचला उठतेच. साबणाच्या पांढऱ्या वडीनं एकेक बाटली आतून-बाहेरून चोळते, नळाच्या पाण्यानं तीनदा धुते आणि पुन्हा तिच्या पाण्यात ठेवून देते. पित्ताचा साबण नाही हं, काचेला वास राहतो. तिला सांगितलेलं नाही, सांगितलं तर म्हणेल, आजी, तू कशाला दमतेस. पोर सकाळी उठते तर बाटल्या हिऱ्यासारख्या.

जावईबापूंची पाठ कशी आहे? उशी बदला म्हणावं.

तुझी आई


शनिवार, २५ जानेवारी

माझ्या लेकीला,

मागच्या पत्राचं उत्तर नाही आलं, मी वाटही पाहिली नव्हती. हे पत्र लहान आहे, बोटं दुखतात.

बोटं दुखत नाहीत. सांगते.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेत एक बाई आहेत, मोजणीत पक्क्या. चिमटी त्यांना मोजणीबाई म्हणते. थेंबसरांनी त्यांना चिमटीची पांढरी पूड पाठवली, म्हणाले तुम्हीही करून बघा, दोघांचं जमलं की बोलायला बळ येतं. मोजणीबाईंनी केलं. त्यांचे गोळे लहान. पुन्हा केलं, लहान. पाच-सहा दुपटी, जशी पुस्तकात लिहिली आहेत तशी. त्यांनी कागदावर एकच ओळ लिहून धाडली: "हे आकडे कुठून आले?"

थेंबसरांनी चिमटीला समोर बसवून तेच विचारलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं म्हणाली ती. शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा म्हणे कुजबुजला, आकडे काय, वहीतही पिकतात. ती घरी आली आणि जिन्यातच बसली. मी म्हटलं, वर ये, जेव. जेवायला बसली पण घास तसाच.

मी आपली विचारत होते, अगं तुझं काही चुकलं असेल, पूड जास्त पडली असेल. ती म्हणाली, "आजी, मी सतरा वेळा केलं. सतराही वेळा मोठे. नुसतं पाणी घातलेल्या बाटलीत काहीच नाही, म्हणजे बाटल्या स्वच्छ. पित्त घातलं की मोठे. मोजणीबाईंकडे मात्र नाही." मग म्हणाली, "एखाद्या वेळी बाटलीत साबण राहिला असता तर समजू शकले असते. साबणाचा थर पित्त सोडवून घेतं आणि पोटात घेऊन मोठं होतं. पण मी तर साबण वापरतच नाही."

लेकी, माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला आणि इस्त्रीच्या कपड्यांचा हिशोब राहिलाय म्हणून खाली गेले. इंजिन अजून होता. म्हणाला, "आजी, चेहरा का असा, कुणी गेलं काय?" मी म्हटलं, तू तुझ्या कॉलरी बघ.

कॉलर म्हटलं आणि मला सगळंच दिसलं. आपल्या नळाचं पाणी जड, हे तुलाही माहीत आहे. पांढरी वडी या पाण्यात लावली की फेस कमी आणि पिठासारखा चिकट थर जास्त. कपडे करडे होतात. तो थर कितीही पाणी ओता, जात नाही. पण पित्त लागलं की सुटतो. त्यासाठीच तर आजवर मी पित्ताचा साबण करत आले. आणि हे मला ठाऊक असून मी त्याच नळाखाली त्याच वडीनं बाटल्या चोळल्या. पाण्यात तो थर निघाला नाही, म्हणून नुसत्या पाण्याची बाटली निर्मळ दिसली. पित्त गेलं की थर सुटला, आणि दुपटी त्या साबणाच्या काड्यांभोवती जमली.

म्हणजे चिमटीचा शोध माझ्या हातचा मळ.

सांगितलं नाही मी तिला. दहा दिवस झाले. बाटल्या धुणं मात्र त्याच दिवशी थांबवलं. आता तिनं पुन्हा केलं तर गोळे लहान येतील आणि ती आणखीनच खोटी ठरेल, हे थांबवल्यावर लक्षात आलं. करायला गेले एक. परवा तिनं केलंच. लहान आले. ती आता स्वतःवरच संशय घेते आहे. म्हणते, आजी, मला वाटतं मी तेव्हा काहीतरी बघायचं म्हणून बघितलं.

का सांगत नाही? गल्लीभर नातीचं कौतुक केलं ते आता कोणत्या तोंडानं... ते एक. पण ते खरं कारण नाही. ती तुझ्यासारखी बॅग भरून जाईल. तुझ्या खोलीतून आणखी एक बॅग खाली उतरलेली मला बघवणार नाही.

तूच सांग, सांगू की नको.

तुझी आई


बुधवार, ५ फेब्रुवारी

लेकी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन कार्ड हातात न देता आधी स्वतः वाचून उभा, म्हणतो, "आजी, यात फार काही नाही." मी म्हटलं, तुला काय करायचंय, दे इकडे. चार वर्षांनी तुझं अक्षर. 'ल'ची शेपटी अजून तशीच लांब काढतेस.

दोनच ओळी. "तिला सांग. मला सांगितलं नव्हतंस."

मी ते कार्ड घेऊन इस्त्रीच्या टेबलामागे बसले. दुकान उघडं होतं. एक गिऱ्हाईक पडद्यांसाठी ओरडून गेलं.

तर आधी तुझं. तुझ्या नोकरीच्या वेळेला, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, तुझ्या सर्टिफिकेटवर तेलाचा डाग होता, बोटाएवढा. तू झोपली होतीस. मला वाटलं, पोरीला असा मळका कागद घेऊन कशाला पाठवायची. पित्ताचा साबण चिंधीला लावून हलकेच पुसला. तेल गेलं, आणि तेलाबरोबर शाळेचा जांभळा शिक्काही गेला. सहीही अर्धी. तू विचारलंस तर मी म्हटलं, त्या लोकांची शाईच भिकार. त्यांनी तुला परत पाठवलं, नकली कागद म्हणून. तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस, ते मला आठवतं. तुला माहीत होतं. तू माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होतीस आणि मी भांडी घासत राहिले. मग चार वर्षांपूर्वी, तू चिमटीला औषधाच्या दुकानात लावलंस त्यावरून आपण भांडलो तेव्हा तू म्हणालीस, "आई, तू हात लावलास की वाटोळं होतं." मी गल्लीत सांगत फिरले की लेक उलटून बोलते. पण कशाबद्दल बोलतेस ते मला कळलं होतं.

ते मी केलं होतं. शाई चांगली होती.

झालं. आता चिमटीचं.

कार्ड आलं त्याच दिवशी ती संध्याकाळी आली. मी दार लावलं, तिला इस्त्रीच्या टेबलावर बसवलं, लहानपणी चिमटे लावून घ्यायला बसायची तिथंच, आणि म्हटलं, तुझ्या बाटल्या रोज पहाटे मी धुवायचे, पांढऱ्या वडीनं. नोव्हेंबरपासून. पंधरा जानेवारीला थांबवलं.

तिनं पिशवी मांडीवर घेतली. इंजिनची इस्त्री तापत होती, तिचा टकटक आवाज तेवढा. मग म्हणाली, "किती वेळा धुवायचीस?"

"तीनदा."

"नळाच्या पाण्यानं?"

"हो."

"वडी कुठली?"

मी वडी आणून दिली. तिनं वास घेतला. मग तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता रडते, तर ओरडली. "आजी! वीस दिवस! वीस दिवस मी वेडी झाले होते आणि तू खाली कॉलरी मोजत होतीस!" इंजिन इस्त्री सोडून बाहेर जाऊन उभा राहिला, एवढं ओरडली. मी म्हटलं, बोल, बोल. ती म्हणाली, धुतलंस त्याचं काही नाही, तू न विचारता सगळ्यांचं सगळं धुतेसच, पण गप्प का बसलीस? मी तुझं कार्ड तिच्या हातात दिलं.

तिनं ते दोनदा वाचलं. "आईनं लिहिलं?" म्हणाली. "माझ्यासाठी?" मग वर गेली. मी जिन्याकडे कान लावून. बॅगेचा आवाज येतो का. कपाटाचा आवाज आला. पण खाली आली ती वही घेऊन. बसली आणि म्हणाली, "पहिल्या दिवसापासून सांग. कधी, किती पाणी, कापडानं पुसायचीस की नुसती उलटी ठेवायचीस." मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मध्येच एकदा म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं, की पित्तानं तो थर सुटतो?" मी म्हटलं, कॉलरींनी.

दुसऱ्या दिवशी तिनं थेंबसरांना सांगितलं. मला वाटलं प्रकरण मिटलं. कुठलं! ते म्हणाले, "आजी... असं... म्हणतात... हे पुरावा... होत नाही." बरोबरच आहे. नातीला वाचवायला आजी काहीही म्हणेल. मोजणीबाई सतरा तारखेला येणार आहेत, त्यांच्यासमोर करून दाखवायचं. आणि वीस तारखेचं बोलणं चिमटीनं स्वतःच रद्द करायला सांगितलं. कागदावर कारण लिहिलं: "बाटल्यांत साबण होता." मला वाचून दाखवलं.

तुझी आई


शनिवार, १ मार्च

लेकी,

आता सगळं एकदम सांगते, मध्ये थांबवू नकोस. तू थांबवणार तरी कशी म्हणा, पण कार्डावर का होईना बोलायला लागलीस, दुसरंही आलं. "आई, झालं ते झालं" एवढं लिहायला तुला किती त्रास झाला असेल ते मी जाणते. मी ते उशीखाली ठेवलंय.

सतराला मी प्रयोगशाळेत गेले. निळी साडी नेसले. दारात एक शिपाई म्हणतो, "आजी, दवाखाना पलीकडे." चिमटी म्हणाली, "ह्या धुवायला आल्यात." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सुटलो, मोरीचं काम झालं म्हणायचं."

मोजणीबाई म्हणजे सुकी खारीक. उंच, केस घट्ट बांधलेले, हसायचं म्हणजे रजा टाकावी लागेल अशा. म्हणाल्या, "दहा बाटल्या. पाच तुमच्या पद्धतीनं धुवा, पाच नुसत्या शुद्ध पाण्यानं. मी त्यांना आकडे घालेन. कुठली कुठली, ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही." मी घरून कॅनभर नळाचं पाणी आणि माझी वडी नेली होती. धुवायला बसले. सगळे भोवती उभे. मी आयुष्यभर धुतलं पण धुताना कुणी वहीत लिहून घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, जसं रोज करता तसं करा. मी म्हटलं, रोज मी करताना गुणगुणते, तेही करू का? त्या म्हणाल्या, "करा. काही सोडू नका."

मग पित्ताची पूड विरघळवलेलं पाणी सगळ्यांत सारखं. मोजणारा मुद्दाम दुसऱ्या खोलीतला आणला होता. लाल उजेड एकेका बाटलीतून. मला कळत काही नाही, मी चिमटीच्या हाताकडे बघत होते, तिनं कुर्त्याचं टोक मुठीत धरून पिळून काढलं होतं. मोजून झाल्यावर मोजणीबाईंनी आकडे लावलेला कागद उघडला. पाचात मोठे, पाचात लहान. मोठे ते पाचही माझे. एकही इकडचा तिकडे नाही.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मोजणीबाई चिमटीला म्हणाल्या, "आकडे तुम्ही नीट घेतले होते. काय मोजताय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं." आणि शेजारच्या टेबलावरच्या त्या पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. एवढ्यावरच मी त्या बाईंना सुकी खारीक म्हणायचं सोडलं असतं, पण नाव बसलं ते बसलं.

आकडे पिकवल्याचा डाग गेला. पण शोधही गेला, आणि मार्चअखेर पुढ्यात. चिमटी घरी येऊन म्हणाली, "आजी, मी खोटी नाही ठरले, पण माझ्याकडे आता दाखवायला काहीच नाही." आठवडाभरात तिनं दोन जागी अर्ज धाडले. एक औषधाच्या दुकानात. हे ती मला बोलली नाही, पाकिटावरचा पत्ता मी वाचला. हात लावला नाही, नुसता वाचला.

आणि काल शुक्रवारी दुपारी थेंबसर आणि मोजणीबाई दोघंही आपल्या दुकानात! चिमटीलाही माहीत नव्हतं. इंजिननं तर त्यांना गिऱ्हाईक समजून "पावती दाखवा" म्हटलं. मोजणीबाई म्हणाल्या, आम्हाला कॉलरी बघायच्या आहेत.

मी करडी झालेली कॉलर काढली. नळाच्या पाण्यात पांढरी वडी लावली, थर दाखवला, पाणी ओतलं, जात नाही ते दाखवलं. मग पित्ताचा साबण. त्यांनी विचारलं, किती पित्त घालता? मी म्हटलं, साबणाच्या आठ वाट्यांना एक. जास्त घातलं तर वडी घट्ट होत नाही, कमी घातलं तर कॉलर करडीच. "हे कसं ठरवलंत?" म्हटलं, अर्ध्या गल्लीच्या चादरी बिघडवून. थेंबसर हसले. हसूही थेंबाथेंबानंच.

मग ते दोघं आपसात बोलायला लागले आणि चिमटी मध्ये पडली. मी ऐकत होते. साबणाच्या काड्या गोल बसल्या की कडेची फट राहते, तिथं पित्ताची दुपटी रबर आत, टॉवेल बाहेर करून बसतात, पट्ट्यासारखी, असं चिमटीचं म्हणणं. मोजणीबाई म्हणाल्या, "पट्टा नाही. आत घुसत असतील." चिमटी म्हणाली, "मग मीठ टाकल्यावर वाढायला नकोत." मोजणीबाई म्हणाल्या, "वाढतात?" चिमटी म्हणाली, "माझ्या वहीत आहे. साबणाच्या बाटल्यांत मीठ टाकून केलेलं आहे, तेव्हा मला माहीत नव्हतं साबण आहे ते." मोजणीबाईंनी हात पुढे केला. चिमटीनं वर पळत जाऊन वही आणली. कौंटरवर, पडद्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून तिघं वाचत बसले. गिऱ्हाईक आलं की वही उचलायची, गेलं की ठेवायची. तेवढ्यात खाटकाची सून डबा घेऊन आली आणि म्हणाली, "आता तरी आमचं पित्त घेणार ना?" मोजणीबाई म्हणाल्या, "घेऊ." लेकी, ती बाई आता चार दिवस जमिनीवर चालायची नाही.

जाताना मोजणीबाई म्हणाल्या, हे काम वर्षाचं तरी आहे, आणि ते हिनंच करायला हवं, त्या चुकीची सगळी नोंद हिच्याकडे आहे. थेंबसर म्हणाले वरच्या साहेबांची सही लागेल. मोजणीबाई म्हणाल्या, सही मी आणते. मी विचारलं, म्हणजे मुदत वाढली असं समजायचं का? त्या म्हणाल्या, "कागद हातात देईन तेव्हा समजा. आणि एक अट आहे. बाटल्या घरी आणायच्या नाहीत." मी म्हटलं, कबूल. चिमटी म्हणाली, "लिहून घ्या तिच्याकडून." त्यांनी खरंच वहीत लिहिलं आणि मी खाली सही केली.

आज सकाळी चिमटी दोरीवरचे कपडे काढत होती. मला विचारलं, आईला लिहितेस ना? म्हटलं, लिहितेच आहे. तिनं सगळे चिमटे डब्यात टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागद घेऊन कधी येणारेत तेही लिही. तिला तारीख कळू दे. यायचं की नाही ते तिचं ती बघेल."

म्हणून लिहिते. मुदतवाढीचा कागद घेऊन येतो म्हणालेत दोघं, ते गुरुवारी, सहा तारखेला, सकाळी अकरा वाजता.

तुझी आई